थोरल्या जावयांचे गुण

आमच्या साडूंबद्दल माझ्या मनात काहीही नाही. जे काही आहे ते पोटात आहे, आणि ते दुखतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते लपणार नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. नात्याने मी थोरला जावई, ते धाकटे. वयाने मात्र ते माझ्याहून चांगलेच मोठे. डोक्याला पूर्ण टक्कल, मिशा पांढऱ्याशुभ्र, आवाज असा की त्यांनी "पाणी द्या" म्हटलं तरी समोरचा उभा राहतो. त्यामुळे सासऱ्यांच्या घरी कुणी नवा माणूस आला की पहिला नमस्कार त्यांना, आणि माझ्याकडे बघून, "हे कोण?" मी केस काळे करतो. त्यात मानही जातो हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

साडूंनी पांढरी गाडी घेतली. पुढच्याच महिन्यात मीही घेतली. तीच कंपनी, तोच नमुना, तोच रंग. लोक म्हणाले, साडूची बरोबरी केली. बरोबरी कसली? मला पांढरा रंग लहानपणापासून आवडतो. आमच्या हिला हे मी तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा ती "हो का?" एवढंच म्हणाली.

तर ही डबीची भानगड साडूंनीच काढली. सासऱ्यांच्या ओसरीवर पाय पसरून ते म्हणाले, "साडूभाऊ, जग कुठे चाललंय! विमा कंपनीची नवी योजना आलीय. गाडीत एक डबी बसवतात. ती गाडीचं सगळं ऐकते. ब्रेक कसा मारला, वळण कसं घेतलं, वेग किती होता. त्यावरून चालकाला गुण. गुण चांगले तर विम्याचा हप्ता कमी, नाहीतर जास्त. आणि अपघात झालाच, तर डबी स्वतः मदत बोलावते. पुढे तर सगळ्या गाड्या एकमेकींशी बोलणार. वळणापलीकडची गाडी आधीच सांगणार, जपून, मी येतेय म्हणून."

"आमच्या इमारतीतली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत," मी म्हणालो, "आणि गाड्या बोलणार?"

"म्हणजे तुम्हाला भीती वाटते," साडू म्हणाले.

झालं! माणूस यावर काय करणार? एका कुटुंबातल्या दोन गाड्या असल्या तर आणखी सूट होती. पुढच्याच सुट्टीला सासऱ्यांच्या अंगणात दोन्ही गाड्या समोरासमोर उभ्या राहिल्या, डबीवाला आला आणि आम्ही दोघे आत वाद घालत असतानाच सासऱ्यांच्या देखरेखीखाली डब्या बसवूनही गेला.

आता माझ्या गाडी चालवण्याबद्दल. मी चांगली चालवतो. आमची ही माझ्या शेजारी बसून इतकी वर्षं डुलक्या काढत आली आहे, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कोणतं? मी पिवळ्या दिव्याला थांबतो. मागचे लोक त्यावर काय बोलतात ते मी मनावर घेत नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्याचे गुण आले तेव्हा मी ते घरातल्या सगळ्यांसमोर, जेवायच्या टेबलावर उघडले. तेवढी एक चूक झाली.

"बाबा, एक्केचाळीस," लेक म्हणाली.

"पन्नासपैकी?"

"शंभरपैकी. आणि खाली लिहिलंय, उग्र ब्रेक नऊ वेळा, अवांछित हिसका सहा वेळा, वळणावर अविवेक चार वेळा." ती वाचता वाचता हसायला लागली. "बाबा, वळणावर अविवेक म्हणजे काय हो?"

त्याच वेळी कुटुंबाच्या गटावर साडूंचा निरोप येऊन पडला. अठ्ठ्याऐंशी. सोबत त्यांचा फोटो, गाडीला टेकून. त्याखाली मेहुणीचं कौतुक, त्याखाली सासूबाईंचं, त्याखाली आमच्या हिचं. बायकोने माझ्यासमोर बसून, माझ्याच घरातून साडूंना शाबासकीचा अंगठा पाठवला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सासऱ्यांनी सावकाश विचारलं, "थोरल्या जावयांचे किती?" हिने खरं ते लिहिलं. उत्तर आलं, "वाटलं होतं त्यापेक्षा बरे आहेत."

मुळात 'गुण' हा शब्दच घातकी आहे. हप्ता वाढला असता तर मी सोसलं असतं. पण त्या दिवसापासून आमच्या घरात माझे गुण या विषयावर मोकळेपणाने चर्चा सुरू झाली. भाजी करपली ती हिच्या हातून, पण मी काही बोलायला गेलो की, "तुमचे गुण माहीत आहेत." दुसऱ्या दिवसापासून ही गाडीत जागी राहू लागली. नुसती जागी नाही, दरवाज्यावरची कडी धरून. "अगं, कालपर्यंत तू घोरत होतीस," मी म्हणालो. "कालपर्यंत मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

हेही मी गिळलं असतं. पण लेकीने शिकाऊ परवाना काढला. हा दिवस मी कधीपासून मनात धरून होतो. ती लहान असताना माझ्या मांडीवर बसून उभ्या गाडीचा हॉर्न वाजवायची, तेव्हापासूनच. शिकाऊ चालकाची लाल पाटी मी आधीच आणून गाडीत ठेवली होती. कुठे न्यायचं, आधी काय शिकवायचं, क्लच किती हळू सोडायला सांगायचं, सगळं ठरलं होतं.

"बाबा, रागावू नका," ती म्हणाली, "पण मी काकांकडे शिकते. त्यांचे गुण बघा ना. आईही तेच म्हणाली."

मी म्हणालो, "मला काय! शीक की कुठेही." आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. रविवारी साडू आले, खाली उभे राहून भारदस्त आवाजात त्यांनी तिला हाक मारली, आणि ती जिने धडाधड उतरून त्यांच्या गाडीत बसली. शिवाय जाता जाता माझ्या गाडीतली लाल पाटीही घेऊन गेली. मला साडूंचा मत्सर वाटला. सरळच सांगतो, असा मत्सर मला आयुष्यात कधी वाटला नव्हता. त्यांची गाडी, पगार, आवाज, सगळं त्यांना लखलाभ होवो. पण त्या सीटवर मी बसायला हवा होतो.

म्हणून मी ठरवलं, गुण वाढवायचे.

ही बातमी इमारतीत कशी पसरली कोण जाणे. वरच्या मजल्यावरचे निवृत्त गणिताचे सर जिन्यातच भेटले. "ब्रेक मारल्याने गुण जातात ना? मग ब्रेक मारूच नका."

"आणि समोर माणूस आला तर?"

"अपवाद असतोच," सर म्हणाले.

गॅरेजवाल्याने डबीभोवती स्पंज गुंडाळायला सांगितलं. त्याच्या मते डबीला हिसका कळलाच नाही तर ती लिहील कुठून? खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र गंभीरपणे माझी नाडी बघितली आणि म्हणाल्या, "गाडीत पुढे एक वाटी पाण्याने काठोकाठ भरून ठेवा. पाणी सांडणार नाही अशी चालवा. दोष गाडीचा नाही हो, तुमच्या स्वभावाचा आहे." माझ्या स्वभावाबद्दल त्यांना कुणी सांगितलं हे मला आजही कळलेलं नाही, संशय मात्र घरातच आहे.

मी वाटी ठेवली. काठोकाठ. पहिल्या दिवशी गल्लीच्या तोंडाशीच एक सायकलवाला मला मागे टाकून गेला आणि वळून बघत गेला. चौकात हवालदार जवळ आला. "काका, ढकलायला माणसं बोलावू का?" मी काचेआडून वाटी दाखवली. तो वाटीकडे बघून दोन पावलं मागे सरकला आणि त्याने मला हात करून जाऊ दिलं. ऑफिसच्या फाटकात, अगदी शेवटच्या वळणावर, पहारेकऱ्याने कडक सलाम ठोकला, मी दचकलो आणि वाटी माझ्या मांडीवर पालथी झाली. त्या अवस्थेत मी लिफ्टमध्ये शिरलो. आत आमच्या साहेबीणबाई. त्यांनी खाली बघितलं, मग वर आकड्यांकडे बघितलं, आणि सातव्या मजल्यापर्यंत आकड्यांकडेच बघत राहिल्या. "मॅडम, ते गुणांसाठी आहे," मी म्हणालो. काही खुलासे न केलेले बरे असतात.

महिनाभर मी अशी गाडी चालवली. माझे गुण एक्केचाळिसाचे अडतीस झाले. साडूंचे अठ्ठ्याऐंशीचे त्र्याण्णव.

यादी रोज सकाळी यायची, आदल्या दिवसाची. सोमवारची सगळ्यात मोठी. अवांछित हिसका, अवांछित हिसका, अवांछित हिसका. रविवारी तर मी गाडीला हातही लावत नसे. मदत केंद्राला विचारलं तर म्हणाले, "आठवड्याचं साठलेलं सोमवारी येत असेल." नंतरच्या काही सोमवारी मात्र हिसके कमी होत गेले. मला वाटलं, चला, वाटीचा गुण येतोय. तेवढ्याने माझा दिवस बरा जायचा.

मग तो आंघोळीचा प्रकार घडला. सकाळी मी अंगाला साबण लावून उभा, आणि बाहेर फोन घणघणला. हिने दारातून आत दिला. "विमा कंपनी आहे. घाबरलेली वाटतेय."

"आपल्या गाडीला धक्का बसल्याची सूचना आली आहे," एक बाई म्हणाल्या. "आपण शुद्धीवर आहात का?"

"मी आंघोळीत आहे."

"गाडी पाण्यात पडली आहे का?"

"गाडी नाही हो, मी पाण्यात आहे!"

"म्हणजे आपण बाहेर फेकले गेलात. शांत राहा. काठ दिसतोय का?"

मी ओरडून सांगितलं की मी घरी आहे, गाडी खाली उभी आहे, मी सुखरूप आहे. बाईंनी फार मायेने ऐकून घेतलं आणि मोठ्याने लिहीत गेल्या, "चालक गोंधळलेला आहे. डोक्याला मार असण्याची शक्यता." मी टॉवेल गुंडाळून, डोक्यावर फेस तसाच, चार मजले उतरून खाली गेलो. गाडी जागेवर. ओरखडासुद्धा नाही. गणिताचे सर भाजी घेऊन येत होते. ते मला वळसा घालून वर गेले, आणि त्या संध्याकाळी डॉक्टरीणबाई चौकशीला येऊन गेल्या.

त्यानंतरच्या रविवारी साडूंच्या गाडीचा बंपर चेपलेला दिसला. "पार्किंगमध्ये कुणीतरी ठोकली असणार," ते म्हणाले. "लोकांना चालवताच येत नाही हो." आणि माझ्याकडे बघून जरा थांबले.

आता हद्द झाली होती. मी विमा कंपनीच्या कार्यालयात गेलो. तक्रारीच्या खिडकीत एक गृहस्थ पेन्सिलीला टोक काढत बसले होते.

"तक्रार काय आहे?"

"मी गाडी चांगली चालवतो."

"ही तक्रार नाही. हे तुमचं मत आहे."

"पण गुण कमी आहेत!"

"ते आमचं मत आहे." त्यांनी टोकावर फुंकर मारली. "तपासनीस मागा. ते तुमच्या शेजारी बसून बघतील. रविवारी येतील. बाकीचे दिवस ते रविवारच्या तपासणीचे अहवाल लिहितात."

त्या रविवारी सकाळी साडू आले, लेक निघाली. जाताना मला म्हणाली, "बाबा, ऑल द बेस्ट! हिसके देऊ नका हं." आज एकदाचं सिद्ध झालं की पुढच्या रविवारी ती माझ्या गाडीत बसेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. नोकरीच्या मुलाखतीलासुद्धा मी इतक्या कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेलो नव्हतो.

तपासनीस आले. ठेंगणे, अंगभर पट्टे असलेला शर्ट, बगलेत कंपनीचा टॅब. बसताबसताच म्हणाले, "सावकाश घ्या, मला गाडी लागते."

"तुम्ही हेच काम करता ना?"

"करतो की. म्हणून तर माहीत आहे."

त्यांनी काहीतरी दाबलं. "तपासणीपुरता नकाशा तुमच्या फोनवरही चालू केलाय. एरवी तो फक्त आम्हाला दिसतो. हा ठिपका म्हणजे तुम्ही. चला."

मी निघालो. वाटी नव्हती, पण ती आहे असं समजून चालवली. गल्ली, बाजार, पूल. एक हिसका नाही. तपासनीसांना डुलकी लागली, तेव्हा माझा ऊर भरून आला. मोठ्या चौकात सिग्नल लाल झाला, मी अलगद थांबलो. ते जागे झाले, टॅबकडे बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"साहेब, हे काय? उग्र ब्रेक. अवांछित हिसका."

"कधी?"

"आत्ता. आणि तुम्ही इथे नाहीच आहात. तुम्ही गावाबाहेर गोदामांच्या मागच्या मैदानात आहात."

"मी तुमच्या शेजारी आहे!"

"तुम्ही आहात हो. गाडी तिथे आहे." त्यांनी दरवाज्याला हात लावून बघितलं. "मधे गाडी बदललीत का? माझा जरा डोळा लागला होता."

मी फोनकडे बघितलं. नकाशावर ठिपका मैदानात फिरत होता. गोदामांच्या मागचं मैदान. साडूंनीच ते शोधून काढलं होतं, शिकवायला मोकळं आहे म्हणून.

"त्या दिवशी बसवलेली दुसरी डबी बघा," मी म्हणालो.

त्यांनी साडूंचं नाव उघडलं. साडूंची गाडी या चौकात, या सिग्नलला, अत्यंत शिस्तीत उभी होती. तपासनीसांनी डबीवाल्याला फोन लावला आणि तो सगळ्या गाडीत ऐकू येईल असा ठेवला. "माझी काय चूक?" तो तिकडून म्हणाला. "आजोबांना मी विचारलं, ही डबी कुणाच्या गाडीत? म्हणाले, थोरल्या जावयांच्या. मी खिडकीतून आत बघितलं. दोघे भांडत होते. थोरले दिसतातच की! टक्कल, पांढऱ्या मिशा. मघाशी ते ज्या गाडीला टेकून उभे होते, तिच्यात बसवली."

म्हणजे ते त्र्याण्णव माझे होते! सगळे माझे. महिनाभर मी वाटीतलं पाणी सांभाळत सांभाळत साडूंचे गुण वाढवत होतो, आणि कुटुंबाच्या गटावर त्यांना अंगठे मिळत होते. ते अडतीस त्यांचे. तो बंपर त्यांचा. वळणावर अविवेक, तोही त्यांचाच. मी स्टीअरिंगवर जोरात हात मारला, हॉर्न वाजला, पुढचा स्कूटरवाला चिडून मागे बघायला लागला. मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

"चला, मिटलं," तपासनीस म्हणाले. त्यांनाही बरं वाटलेलं दिसलं. "आत्ता इथूनच अदलाबदल करतो. एक बटण दाबलं की तुमचे त्र्याण्णव तुमच्या नावावर. सगळ्यांना आपोआप कळेल. त्यांचे त्यांना."

"दाबा, दाबा!" मी म्हणालो. सासऱ्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. साडूंचा तर आलाच आला.

त्यांनी बोट उचललं. मी सहज फोनकडे बघितलं. ठिपका थांबला होता. मग जरासा पुढे सरकला, पुन्हा थांबला. अवांछित हिसका. क्लच लवकर सोडला तिने. मी असतो तर सांगितलं असतं, घाई नको, पायाला गाडीचं ऐकू दे आधी. साडू तिच्यावर ओरडत असणार. ठिपका पुन्हा निघाला.

आणि मग मला ते सगळे सोमवार आठवले. ती लांबलचक यादी. त्यातले ते सगळे हिसके माझ्या लेकीचे होते. आठवड्यामागून आठवडे कमी होत गेलेले. मी त्यांना शिव्या देत होतो आणि ते माझ्याच फोनवर दर सोमवारी सकाळी येत होते. तिच्या शेजारी साडू बसले होते, पण ती कशी शिकली हे त्यांच्यापेक्षा मला जास्त माहीत होतं.

"थांबा," मी म्हणालो. "बटण दाबलं की हा ठिपका माझ्याकडून जाईल?"

"जाणारच की. दुसऱ्याची गाडी तुम्हाला कशी दिसेल?"

"आणि सोमवारची यादी?"

"तीही त्यांच्याकडे जाईल. नाहीतरी गाडी त्यांची आहे ना?"

"गाडी त्यांची आहे," मी म्हणालो. "चालवतेय आमची मुलगी."

तपासनीस बोट तसंच वर धरून बसले. मैदानाच्या टोकाशी ठिपका हळूहळू वळायला लागला. अगदी सावकाश. सिग्नल हिरवा झाला, मागे कुणीतरी हॉर्न दिला, मग दुसऱ्याने, मग सगळ्या रांगेने.

"साहेब, दाबू का? लोक ओरडतायत."

"ओरडू द्या," मी म्हणालो. "तिला आधी वळू दे."